अश्लेषाची हातभट्टी

नेदरलँड्समधल्या न्यूनेनच्या त्या शांत गल्लीत अश्लेषा खैरनारइतकी अशांत बाई दुसरी नव्हती.

सकाळी मुलगी मृण्मयी सायकलवर टांग मारून शाळेला गेली आणि नवरा गंधार गाडी घेऊन आर्नहेमच्या ऑफिसला निघाला, की घरात सामसूम व्हायची. अश्लेषा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. एका औषध कंपनीची कागदपत्रं तपासायचं तिचं काम घरूनच चालायचं. एक पान वाचून झालं की ती उठायची आणि कुंडीतली माती बोटाने उकरून बघायची. दुसरं पान वाचलं की दारातले बूट ओळीने लावायची. तिसऱ्या पानाला कोट चढवून बाहेर. कालव्याच्या काठाने ती अशी तरातरा चालायची, की कुत्री फिरवायला आलेले लोक आपण होऊन बाजूला सरायचे. संध्याकाळी गंधार विचारायचा, "आज किती वेळा गाव पालथं घातलंस?" तो चेष्टेने विचारायचा, पण ती त्याच्यावर खेकसायची. बसून बसून बायको गंजत चालली आहे, हे त्याला दिसत होतं. त्यावर करायचं काय, हे मात्र दोघांनाही सुचत नव्हतं.

चुळबुळी ती लहानपणापासूनच होती. पण पूर्वी त्या चुळबुळीला काम होतं. चिंचवडची मुलगी, केमिकल इंजिनिअर झाली आणि इंदापूरच्या बाजूला एका दूध प्रकल्पात शिफ्ट सांभाळायला लागली. टँकरमधून दूध उतरायचं तिथपासून पिशव्या भरायच्या मशिनपर्यंत नुसते स्टीलचे पाइप आणि त्या पाइपांतून दूध ढकलणारे पंप. दिवसभर लोखंडी जिने चढायचे, उतरायचे. इथला व्हॉल्व्ह बंद कर, तिथला उघड, कुठे गळतंय, कुठली मोटर तापली ते बघ. पंपावर तळहात टेकला की तिला कळायचं, ह्याचं आज काही खरं नाही. मग गंधारला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली. त्याच्यामागून ती 'डिपेंडंट' म्हणून आली, कडेवर मृण्मयी. पहिली काही वर्षं पोरीच्या मागे धावण्यात गेली. नंतर तिने अर्ज करायला सुरुवात केली तेव्हा उत्तर यायचं, डच भाषा उत्तम हवी. डच शिकली. मग उत्तर यायला लागलं, अनुभवात फार मोठा खंड पडलाय. शेवटी हे कागद तपासायचं काम मिळालं आणि सगळे नातेवाईक फोनवर म्हणाले, बरं झालं, घरबसल्या आहे. 'घरबसल्या' हा शब्द ऐकला की तिच्या डोक्यात सणक जायची.

शेजारच्या घरात टोन राहायचे. सत्तरी ओलांडलेले, ताडमाड, आयुष्यभर लेथवर उभं राहून काम केलेले. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी मार्लूस आर्नहेमला राहायची. मोठ्या माणसांना 'तुम्ही' म्हणायची सोय डचमध्येही आहे, पण टोननी पहिल्याच दिवशी ती अश्लेषाकडून काढून घेतली होती. तोंडाने ती त्यांना 'तू' म्हणायची. मनातल्या मराठीत मात्र ते कायम टोनकाका होते आणि 'तुम्ही'च होते.

टोनकाका परसातल्या शेडमध्ये बिअर करत. वीसेक लिटर, गेली कित्येक वर्षं. ज्या शनिवारी बिअर व्हायची त्या दिवशी कुंपणापलीकडून नाचणीचं सत्त्व शिजताना येतो तसा गोडसर, उबदार वास यायचा. अश्लेषा स्वतः बिअर पीत नव्हती. तिला ती कडू लागायची आणि प्याल्यावर झोप यायची. पण त्या वासाने ती कुंपणाशी जाऊन उभी राहायची आणि काय चाललंय ते बघायची.

मार्चमधल्या एका शनिवारी वास आला, पण शेडमधून नेहमीची शीळ ऐकू आली नाही. अश्लेषा डोकावली. टोनकाका स्टुलावर बसले होते आणि शेगडीवर पातेलं वाफाळत होतं.

"काय झालं?"

"उचलवत नाही," ते म्हणाले. हिवाळ्यात त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. "हे पाणी त्या भांड्यात ओतायचंय. मागच्या वेळी समोरच्या हेंकला हाक मारली होती. दर वेळी काय हाका मारायच्या? झालं आता. भांडी देऊन टाकतो कुणाला तरी."

"पण उचलायचं कशाला?" अश्लेषा म्हणाली. "एवढं उकळतं पाणी कुणी उचलतं का? पाणी ढकलायचं असतं. पंप लावू."

टोनकाका हसले. "वीस लिटरसाठी पंप?"

"मग शंभर करू."

हे वाक्य तिने विचार करून म्हटलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं आणि मग ती स्वतःच ते ऐकत उभी राहिली. त्या दिवशी पातेलं तिनेच उचलून ओतलं. घरी आली ती तडक गॅरेजमध्ये गेली आणि सायकली बाहेर काढायला लागली.

"हे काय चाललंय?" गंधारने दारातून विचारलं.

"जागा करतेय."

"कशाला?"

तिने सांगितलं. सांगताना हात इतके जोरात हलत होते की भिंतीवरचा पाना खाली पडला. गंधारने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आपल्या गॅरेजमध्ये हातभट्टी," तो म्हणाला.

"हातभट्टी काय? इथे घरी बिअर करायला कुणाची ना नाही."

"ते ठीक आहे गं. पण तू पीत नाहीस, मी वर्षातून दोनदा घेतो. शंभर लिटरचं करायचं काय?"

ती पुढची सायकल बाहेर काढायला वळली.

पुढचे काही आठवडे तिने कुणाला सुचू दिलं नाही. रॉटरडॅमला एक हॉटेल बंद होत होतं, त्यांच्या स्वयंपाकघरातली स्टीलची तीन अजस्र पातेली तिने गंधारच्या गाडीत कोंबून आणली. एकात पाणी तापवायचं. दुसऱ्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले आणि भरडलेले जव, त्या गरम पाण्यात भिजत ठेवायचं. तिसऱ्यात तो निथळलेला गोड रस आणून उकळायचा. एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात न्यायला दोन छोटे पंप. टोनकाकांनी भांडी ठेवायची लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली. भांड्यांना तळाशी भोकं पाडून नळ बसवले. गॅरेजच्या विजेच्या लाइनवर दोन हीटर एकदम चालेनात. पहिल्याच चाचणीला घरभर अंधार झाला आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलत असलेला गंधार वाक्याच्या मध्यावर गायब झाला. मग इलेक्ट्रिशियन बोलावून वेगळी लाइन ओढली.

ह्या सगळ्यात टोनकाकांचं आणि तिचं एका गोष्टीवर रोज वाजायचं. टोनकाका भोक पाडायचं तर आधी मोजायचे, खूण करायचे, पुन्हा मोजायचे, कॉफी प्यायचे आणि मग ड्रिल हातात घ्यायचे. कॉफी पिऊन ते परत येईपर्यंत अश्लेषाने भोक पाडलेलं असायचं.

"तुला गाडी पकडायचीय का?" ते विचारायचे.

"बरोबर पडलंय की!"

"बरोबर पडलंय, हो. पण पकडायचीय का गाडी?"

ती हसण्यावारी न्यायची. खरं तर छातीत कसलीतरी घाई सतत धडधडत असायची. काम पुढे सरकलं की तेवढ्यापुरती थांबायची आणि काम थांबलं की पुन्हा सुरू व्हायची. जेवताना ती चमच्याने ताटावर ताल धरायची. "मॉम, यू आर डूइंग इट अगेन," मृण्मयी वर न बघता म्हणायची. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिच्या डोळ्यांपुढे पाइप फिरायचे, आणि त्यात तिला सुखही वाटायचं.

थंड पाण्यावर चाचणी घेतली. पंपांनी आधी एअर धरली, मग नळ्या हलवून, भरून, हवा काढून टाकल्यावर पाणी सुरळीत धावायला लागलं. टोनकाका म्हणाले, "आता एकदा उकळत्या पाण्यावर बघू. पुढच्या शनिवारी."

"माल्ट भरडून आणलंय," अश्लेषा म्हणाली. "भरडलेलं फार दिवस ठेवलं तर वास जातो, तुम्हीच सांगितलंत. पुढच्या शनिवारी सरळ बिअरच करू."

टोनकाकांनी खांदा चोळला. "घाई आहे."

"घाई नाही हो, पाणी ते पाणीच. गरम काय आणि गार काय!"

दूध प्रकल्पात हाताखालच्या कुणी असं म्हटलं असतं तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं. गरम पाण्याची तऱ्हा वेगळी असते, हे तिला तोंडपाठ होतं. उकळीच्या जवळ आलेलं पाणी पंपाने जोरात ओढलं की पंपाच्या पोटातच त्याची वाफ होते. म्हणून पंपाकडे येणारी वाट मोकळी ठेवायची आणि आवळायचंच तर पुढची वाट आवळायची. हे सगळं तिला ठाऊक होतं. पण त्या शनिवारपर्यंत थांबणंच तिला इतकं जड गेलं होतं, की त्यापुढचा आणखी एक शनिवार तिच्या डोळ्यांपुढे येतच नव्हता.

शनिवार उजाडला तो लख्ख उन्हाचा. गॅरेजचं दार वर केलेलं, वाफ बाहेर चाललेली. माल्टचा पहिला टप्पा छान पार पडला. मग रस तिसऱ्या भांड्यात आला, उकळला, बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचे दाणे पडले, गॅरेजभर कडसर हिरवा वास सुटला. टोनकाका शीळ घालत होते. आता तो उकळता रस पंपाने थंड करायच्या, गार पाण्यात ठेवलेल्या नळीच्या वेटोळ्यातून फिरवायचा होता. अश्लेषाने पंप चालू केला.

पंपातून खडखड आवाज आला, डब्यात खडे घालून हलवावा तसा. वेटोळ्यातून थेंब येईना. भांड्याखालचा नळ अर्धाच उघडलेला होता, आणि पुढची रबरी नळी वाफेने मऊ पडली होती.

"बंद कर," टोनकाका म्हणाले. "आधी पंप बंद कर, मग बघू."

पंपाचं बटण मागच्या भिंतीवर होतं, भांड्याच्या पलीकडे. नळ मात्र तिच्या हाताशी होता. एक सेकंद वाचवावा म्हणून तिने नळ झटक्यात पूर्ण उघडला. पंपाने एकदम धरलं. रसाचा लोंढा पुढे गेला आणि मऊ पडलेली नळी सुटली. ती सापासारखी उडाली. उकळता रस टोनकाकांच्या पायावर पडला.

त्यांनी घरात घालायच्या सपाता आणि जाड लोकरी मोजे घातले होते. लोकरीने तो उकळता रस धरून ठेवला. टोनकाका ओरडले नाहीत, फक्त लांब श्वास घेतल्यासारखा आवाज झाला आणि ते चौकटीला धरून खाली बसले. अश्लेषाने भांड्याला वळसा घालून बटण बंद केलं, बागेचा पाइप ओढला, त्यांच्या पायावर पाणी सोडलं, आणि वाहत्या पाण्याखालीच कात्रीने मोजा कापून काढला. गंधारने गाडी काढली, दोघं टोनकाकांना शनिवार-रविवारच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे त्यांच्या पावलावर आणि पोटरीवर पट्ट्या बांधताना ती बाहेर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत राहिली, इतक्या, की काउंटरवरच्या बाईने तिला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी मार्लूस आली. ती आवाज चढवणारी बाई नव्हती, आणि म्हणूनच अश्लेषाला ते जास्त लागलं.

"माझ्या आईनंतर बाबांना हे एवढंच उरलं होतं, म्हणून मी काही बोलत नव्हते," ती म्हणाली. "वीस लिटर चाललं होतं ना? ते शंभर कुणाला हवे होते? त्यांना की तुला?"

दुसऱ्या दिवशी तिने सगळं मोडलं. नळ्या काढल्या, पंप उतरवले, तिन्ही पातेली एकात एक घालून कोपऱ्यात लोटली. चौकट भिंतीला टेकवली. सायकली पुन्हा आत आल्या. गंधार म्हणाला, "आशू, थांब की जरा. निदान टोनकाकांना विचार."

"काय विचारू? 'तुमचा पाय भाजला, आता पुढे काय करू या?' असं?"

मग फार वाईट दिवस आले. ती कागद तपासायची, पण एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची. कालव्याच्या काठाने आता ती दुप्पट चालायची. टोनकाकांना रोज डबा नेऊन द्यायची; वरण-भात, सौम्य भाजी. डबा टेबलावर ठेवायची, पाय कसा आहे विचारायची आणि लगेच निघायची. ते "बरा आहे" म्हणायचे, आणि आणखी काही बोलायच्या आत ती दाराबाहेर असायची. पट्ट्या बदलायला नर्स यायची. तिच्याकडून कळलं, जखम भरतेय, पण वयामुळे वेळ लागेल.

एकदा ती डबा ठेवून वळली तर टोनकाका म्हणाले, "बस."

"काम आहे थोडं."

"काही काम नाही तुला. बस."

ती खुर्चीच्या कडेला टेकली. टोनकाकांचा पाय दुसऱ्या खुर्चीवर होता. त्यांनी डबा जवळ ओढला. मग म्हणाले, "सगळं मोडलंस म्हणे."

"हो."

"कुणाला विचारून?"

तिला कळेना. "तुमचा पाय..."

"पाय माझा आहे. तो भाजला हे मला माहीत आहे. मी विचारतोय, मोडायच्या आधी कुणाला विचारलंस?" त्यांचा चेहरा लाल झाला होता. इतक्या वर्षांत तिने त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "ती चौकट माझी होती. नळ मी बसवले, एका हाताने. उभं करताना तू मला विचारलं नाहीस, ते ठीक आहे, मला मजा येत होती. मोडतानाही विचारलं नाहीस. मी तुझ्या गॅरेजमधलं सामान आहे का? हवं तेव्हा मांडायचं, नको तेव्हा कोपऱ्यात?"

अश्लेषा म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला आता ते बघवणार नाही."

"तुला बघवत नव्हतं."

हे खरं होतं. आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरात, हातात काही काम नसताना, ती उठून गेली नाही. टोनकाकांनी डबा उघडला, वरण चमच्याने ढवळलं. "मीठ कमी आहे," ते म्हणाले. ती रडता रडता हसली.

"मार्लूसला काय सांगायचं?" तिने विचारलं.

"मार्लूसला मी सांगेन. तू मला सांग, पंपाचं बटण भिंतीवर का होतं?"

"कारण प्लग तिथे होता."

"हे काय कारण झालं?"

"नाही," ती म्हणाली. "नाही झालं."

दुसरी मांडणी उन्हाळाभर चालली. ह्या वेळी टोनकाका खुर्चीवर बसायचे, पाय स्टुलावर, मांडीवर मोजपट्टी. कुठल्याही भोकाआधी कॉफी व्हायचीच, आणि अश्लेषा ती बसून प्यायची. अवघड जायचं. तिचा गुडघा टेबलाखाली हलत राहायचा आणि डोळे ड्रिलकडे लागलेले असायचे. काही वेळा ती ताडकन उठायची, दोन पावलं जायची आणि परत येऊन बसायची. टोनकाका बघून न बघितल्यासारखं करायचे.

पण त्या बसण्यात एक गोष्ट झाली. तिला प्रकल्पातले पाइप आठवले, नुसते डोळ्यांपुढून सरकून जाणारे नव्हे तर एकेक. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या उंचीवर होता आणि का होता. रबरी नळ्या तिने काढून टाकल्या. त्यांच्या जागी दुधाच्या प्रकल्पात असतात तसे स्टीलचे पाइप, जोडांवर हाताने आवळायचे मजबूत क्लॅम्प. पंप जमिनीलगत, भांड्यांच्या खाली, म्हणजे रस आपल्या वजनानेच पंपात उतरेल. भांड्याखालचा नळ पूर्ण उघडा ठेवायचा आणि वेग कमी-जास्त करायचा तो पंपाच्या पुढच्या नळाने. दोन्ही पंप बंद करणारं एकच मोठं लाल बटण, दारापाशी, कुणाचाही हात पोचेल असं. आणि ह्या सगळ्यानंतर उकळतं पाणी. एका शनिवारी नुसतं पाणी, पुढच्या शनिवारी पुन्हा नुसतं पाणी. दुसऱ्या वेळी अश्लेषा म्हणाली, "झालं की आता!" टोनकाका म्हणाले, "तिसऱ्यांदा." तिने दात आवळले, आणि तिसऱ्यांदाही पाणीच उकळलं. तिसऱ्या वेळी एक जोड बारीक झिरपताना सापडला. टोनकाका एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे तिला आणखीच राग आला.

खऱ्या बिअरच्या दिवशी मार्लूस आर्नहेमहून आली. गॅरेजच्या दारात, लाल बटणाला लागून, हाताची घडी घालून उभी राहिली. टोनकाकांच्या पायात गंधारने आणून दिलेले रबरी गमबूट होते. त्यांनी आधी तक्रार केली आणि मग घातले.

रस उकळला. अश्लेषाने खालचा नळ पूर्ण उघडला आणि थांबली. पाइप भरू दिला. हवेचा शेवटचा बुडबुडा वर जाताना तिने पाइपात बसवलेल्या काचेच्या तुकड्यातून पाहिला. मग पंप चालू केला. खडखड झाली नाही. एक बारीक, सलग गुणगुण सुरू झाली. तिने पंपावर तळहात टेकला. वेटोळ्याच्या दुसऱ्या टोकातून गार झालेला तपकिरी रस धारेने पडायला लागला.

"हं," मार्लूस म्हणाली. थोड्या वेळाने तिने हाताची घडी सोडली. मग वाकून विचारलं, "हा पाइप वाकडा का आहे?" अश्लेषाने सांगितलं. तिने आणखी एक विचारलं. शेवटी टोनकाका म्हणाले, "पोरी, लाल बटणापासून हलू नकोस, तुझं काम ते आहे." तेव्हा तिघंही हसली.

यीस्ट घालून काही आठवडे आंबवल्यावर झालेली बिअर काही फार थोर नव्हती. शंभर लिटरचा हिशेब करताना हॉप्स जरा जास्तच पडले होते. उन्हाळा संपता संपता झालेल्या गल्लीच्या बार्बेक्यूला दोन पिंप नेली, लोकांनी पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं आणि तरी प्यायली. गंधार एक ग्लास संपवून म्हणाला, "आपल्या भट्टीची आहे म्हणून चालवून घेतो." मृण्मयी मैत्रिणींना डचमध्ये सांगत होती, की हे सगळं तिच्या आईने बांधलंय. आई मागे उभी आहे हे तिला माहीत नव्हतं. अश्लेषाने चमचाभर चव घेतली. कडूच लागली.

बार्बेक्यू रंगात आलं तसं तिचं चित्त पुन्हा उडायला लागलं. काम संपलं होतं. गॅरेजमध्ये सगळं स्वच्छ, पुसून, बंद. हीच ती जुनी धडधड, तिने ओळखली. तिला वाटलं होतं, हे एकदा उभं राहिलं की आपण शांत होऊ. तसं काही झालं नव्हतं. ती लोकांच्या घोळक्यातून निसटून गॅरेजकडे आली, तर तिथे एक अनोळखी माणूस वाकून पाइपांकडे बघत होता. समोरच्या हेंकचा भाऊ, गावाबाहेर त्याचं गाईंचं फार्म आणि चीज करायची छोटी जागा.

"हे कुणी बसवलं?" त्याने विचारलं. "आत घाण राहायला एक कोपरा नाही ठेवलेला."

"मी. आणि टोनने."

"आमच्याकडे धुवायच्या लाइनमध्ये पाणी शेवटपर्यंत जात नाही. दोन माणसं येऊन बघून गेली. दर थोड्या दिवसांनी चीजला वास येतो. तुम्ही येऊन बघाल?"

सोमवारी ती सायकलवर गेली. समोरून वारा इतका होता की उतरून चालावं लागलं. फार्मवरच्या बाईने कॉफी पुढे केली. अश्लेषाने कप हातात घेतला, खुर्चीकडे पाहिलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "पंप कुठे आहे?" मग स्वतःशीच ओशाळली, बसली, कॉफी संपवली, त्यांची तक्रार नीट ऐकून घेतली. त्यानंतर आत गेली. गुडघ्यावर बसून, टॉर्च लावून, पाइपाच्या मागे मागे सरकत शेवटपर्यंत गेली. पाइपाला मध्ये उतार उलटा होता. पाणी तिथे साचून राहायचं.

ती लाइन तिने एका आठवड्यात दुरुस्त करून दिली. मग त्यांनीच विचारलं, आठवड्यातून काही सकाळी येशील का? तिने कागद तपासायचं काम अर्ध्यावर आणलं. गंधारला वाटलं, आता घरात जरा स्वस्थता येईल. ती काही आली नाही. अश्लेषा पहाटे उठून गमबूट घालते, दार आपटते, परत येऊन विसरलेला फोन घेते आणि पुन्हा दार आपटते. संध्याकाळी अंगाला गाईंचा वास घेऊन येते आणि जेवता जेवता चीज करताना सुटणाऱ्या निवळीच्या पाण्याचं काय काय करता येईल ते सांगत सुटते. कधी अर्धवट जेवून उठतेही.

शनिवारी मात्र टोनकाका कुंपणाशी येऊन हाक मारतात. पाऊल बरं झालंय, पोटरीवरची कातडी अजून गुलाबी आहे. मागच्या शनिवारी ते म्हणाले, हॉप्स निम्मे करू या, आणि ती लगेच वजनकाटा आणायला धावली.

"अगोदर कॉफी," टोनकाकांनी आवाज दिला.

ती वजनकाटा घेऊनच कॉफीला बसली.